गयानाला गेलेले रोट

डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या सोनटक्के ग्रोसरीत धनमती पहिल्यांदा आली ती १९८३च्या ऑक्टोबरात. आली तशी थेट मागच्या रॅककडे गेली आणि कणकेच्या वीस पौंडी पिशव्या एकामागून एक आणून काउंटरवर आदळायला लागली. सहावी पिशवी आदळली तेव्हा काउंटरवरचा गोळ्यांचा डबा हलला.

"घर में शादी है क्या?" प्रतिमाने विचारलं.

"इंग्लिशमध्ये बोल," ती बाई म्हणाली. "हिंदी माझ्या आजीला यायची. ती गेली, तिच्याबरोबर गेली. यातल्या तीनच आज नेते, बसमध्ये तेवढ्याच मावतील. बाकीच्या धनमतीच्या नावाने बाजूला ठेव."

पन्नाशीची सावळी, भरदार बाई. कानात सोन्याच्या जाड रिंगा, अंगावर हॉस्पिटलच्या लाँड्रीचा निळा कोट. गल्ल्यावर राजाराम बसला होता, प्रतिमाचा दीर. तो मराठीत म्हणाला, "नाव धनमती आणि हिंदी येत नाही! हे गयानावाले, वहिनी. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी ऊस तोडायला नेलेले. नुसते नावाचे इंडियन. जपून."

धनमतीने प्रतिमाकडे पाहिलं. "काय म्हणाला तो?"

"काही नाही."

"काही नाही म्हणायला एवढी वाक्यं लागतात तुमच्या भाषेत?"

प्रतिमाला हसू फुटलं. दुकानात उभी असताना ती हसली, याला किती दिवस झाले होते कोण जाणे. दोन वर्षांपूर्वी तिचा नवरा जगन्नाथ हार्ट ॲटॅकने गेला. दुकान दोघा भावांनी मिळून काढलेलं. पण जगन्नाथ गेल्यापासून माल कुठून आणायचा, कोणाला उधार द्यायचं, दिवाळीला खिडकीत काय लावायचं, सगळं राजाराम ठरवायचा. प्रतिमा सकाळी शटर उघडायची, संध्याकाळपर्यंत काउंटरवर उभी राहायची आणि वर तिसऱ्या मजल्यावरच्या अपार्टमेंटमध्ये जाऊन सोळा वर्षांच्या दीपासाठी स्वयंपाक करायची. राजाराम वाईट माणूस नव्हता. त्याला फक्त कशाचीही भीती वाटायची, आणि त्या भीतीला तो व्यवहार म्हणायचा.

पुढच्या शनिवारी धनमती उरलेल्या पिशव्या न्यायला आली. दीपा मागच्या खोलीत होमवर्क करत बसली होती. गयाना आफ्रिकेत आहे असं तिने आईला छातीठोकपणे सांगितलं होतं आणि नंतर शाळेच्या लायब्ररीतून एनसायक्लोपीडियाच्या पानाची झेरॉक्स आणून स्वतःची चूक कबूल केली होती. आता तोच कागद घेऊन ती बाहेर आली आणि धनमतीसमोर उभी राहून वाचायला लागली. दक्षिण अमेरिकेच्या उत्तर किनाऱ्यावरचा देश. हवामान उष्ण आणि दमट. भाषा इंग्रजी. बहुतेक भाग जंगलाने व्यापलेला. मुख्य उत्पादनं साखर, तांदूळ आणि बॉक्साइट.

"संपलं?" धनमती म्हणाली.

"दॅट्स इट."

"मग लिहिणारा विमानातून खाली बघून गेला असेल. हा काउंटर म्हणजे आमची जमीन." तिने काउंटरवर हात ठेवला, आणि दुसरा हात त्याच्या वर, वीतभर उंच धरला. "आणि हा समुद्र. भरतीला तो आमच्या शेतांपेक्षा वर असतो. खोटं नाही सांगत. मध्ये भिंत आहे म्हणून आम्ही आहोत. भिंतीला दारं. ओहोटी लागली की दार उघडायचं, शेतातलं पाणी बाहेर सोडायचं. भरती आली की बंद करायचं. दारावरचा माणूस झोपला तर गावाच्या चुलीत मासे."

"समुद्र निळा असेल ना पण?" दीपाने इंग्रजीत विचारलं.

"तपकिरी. चहासारखा. ॲमेझॉनचा गाळ वाहत येतो आमच्यापर्यंत. सगळी माणसं या किनाऱ्याच्या चिंचोळ्या पट्टीवर. इंडियन, आफ्रिकन, थोडे चिनी, थोडे पोर्तुगीज. मागे जंगल आणि नद्या, एकेक नदी अशी की पलीकडचा काठ दिसत नाही. तिथले मूळचे लोक तिथे राहतात. पाऊस वर्षातून दोनदा. मे महिन्यात सुरू होतो तो एक, आणि ख्रिसमसचा दुसरा. मग चिखल. त्या चिखलात भात येतो, ऊस येतो. काय येत नाही, सांग?"

प्रतिमा म्हणाली, "गहू."

"गहू!" धनमतीने काउंटरवर थाप मारली. "गहू बाहेरून यायचा बोटीने. साखरेचा भाव पडला, बॉक्साइटला गिऱ्हाईक राहिलं नाही, सरकारकडचे डॉलर संपले. मागच्या वर्षी जाहीर केलं, गव्हाचं पीठ बंद. तांदूळ पिकवता ना, तांदूळ खा. आता कोणाच्या घरात पीठ सापडलं तर कोर्टात उभं करतात. लोक शेजारच्या सुरीनामहून नदीतून चोरून आणतात, जसं काही अफू आणतायत."

"फॉर फ्लाउर?" दीपा ओरडली. "दॅट्स क्रेझी!"

"म्हणून ही कणीक?" प्रतिमाने विचारलं.

धनमतीचा आवाज थोडा खाली आला. तिचे वडील बुधराम, ऐंशीच्या पुढचे. न्यू पेशन्स नावाच्या गावात तिच्या भावाकडे, रामेसरकडे राहतात. आयुष्यभर साखरेच्या मळ्यात राबले. दर वर्षी रामनवमीच्या सुमाराला अंगणात बांबूवर लाल झेंडा चढवतात, हनुमानाची झंडी. त्या दिवशी नैवेद्याला रोट लागतो. "यंदा तांदळाच्या पिठाचा केला. बाबा हात जोडून म्हणाले, देवा, हा खोटा रोट मी नाही केला, माझ्याकडून करवला. आणि रडले. माझा बाप रडलेला मी कधी पाहिला नव्हता, सिस्टर. तेव्हाही पाहिला नाही, भावाने फोनवर सांगितलं. पण झोप उडाली."

"रोट म्हणता तुम्ही?" प्रतिमा म्हणाली. "रोटच?"

"मग काय म्हणणार?"

प्रतिमा अचलपूरकडची. तिच्या माहेरी मारुतीला रोट करत. जाड, गुळाचा, तळहाताएवढा. शिकागोत आल्यापासून तो शब्द तिने कोणाच्या तोंडून ऐकला नव्हता, आणि आज तो हिंदीचं अक्षरही न येणाऱ्या बाईच्या तोंडून ऐकला. तिने पिशव्या उचलल्या आणि बसस्टॉपपर्यंत पोचवायला निघाली. पाठीमागून राजाराम म्हणाला, "वहिनी, काउंटर कोण बघणार?" ती थांबली नाही.

धनमतीने ती कणीक उशांच्या अभ्र्यांत भरली, जुन्या स्वेटरांच्या आणि चादरींच्या मध्ये दडवली आणि एका मोठ्या पिंपात घालून जहाजाने गयानाला पाठवली. शिकागोतले सगळे गयानीज असंच पिंप भरून पाठवत. साबण, बूट, औषधं, शाळेच्या वह्या. पीठही पाठवत, आणि बहुतेकदा पोचायचं.

तिचं नाही पोचलं.

जानेवारीत, रस्त्यावर बर्फाचा काळा चिखल झालेला असताना, धनमती दुकानात आली आणि काहीच न घेता तांदळाच्या पोत्यांवर बसली. पिंप सोडवायला रामेसर बंदरावर गेला होता. अभ्रे फाडून बघितले, पीठ जप्त झालं, त्याला एक रात्र कोठडीत काढावी लागली आणि दंड झाला. वडिलांनी जेवण सोडलं होतं. पोराला कोठडीत घालणारी झंडी मला चढवायची नाही, म्हणत होते.

"माझी चूक," धनमती म्हणाली. "मी इथे उबेत बसून त्याला अडकवलं. आता नाही पाठवणार काही."

राजारामने सगळं ऐकलं होतं. तो गल्ल्यावरून उठून आला. "त्या अभ्र्यांत आपल्या दुकानाचं लेबल होतं का?"

"एका पिशवीचा तुकडा आत राहिला होता," धनमती म्हणाली. "भाऊ म्हणाला, त्यावरचं नाव त्यांनी लिहून घेतलं."

राजारामचा चेहरा पांढरा पडला. "बघा! बघा, वहिनी! मी सांगत होतो. उद्या इथे एफबीआय येईल. माझं सिटिझनशिपचं ॲप्लिकेशन पेंडिंग आहे." मग तो धनमतीकडे वळून इंग्रजीत म्हणाला, "मॅडम, आजपासून या दुकानात तुम्हाला काहीही विकलं जाणार नाही. कृपा करून जा."

धनमती उठली. कोटाची बटणं लावायला लागली.

"बसा, धनमतीताई," प्रतिमा म्हणाली.

"वहिनी!"

"त्यांनी इथे गुन्हा केलेला नाही, भाऊजी. कणीक विकत घेतली. आपण विकली. त्या माझ्या गिऱ्हाईक आहेत."

"गिऱ्हाईक कोण आणि कोण नाही ते मी ठरवतो. दादा गेल्यापासून दुकान चालवतंय कोण?"

"सकाळी शटर कोण उघडतं?" प्रतिमाने विचारलं.

एवढं साधं वाक्य, पण दोन वर्षांत ते तिच्या तोंडातून बाहेर पडलं नव्हतं. प्रतिमाने धनमतीचा दंड धरला आणि तिला मागच्या स्वयंपाकघरात नेलं. हे स्वयंपाकघर जगन्नाथने समोसे करायला बांधलं होतं. परवाना काढला होता, मोठी शेगडी बसवली होती. तो गेल्यावर राजारामने समोसे बंद केले, कटकट नको म्हणून.

प्रतिमाने चहा ठेवला. साखर, आलं, दूध. चहा उकळला. मग प्रतिमा म्हणाली, "पीठ बंद आहे ना?"

"हो."

"रोट बंद आहे का?"

धनमतीने मान वर केली.

"पीठ नाही पाठवायचं. रोटच पाठवू. इथेच करू, तळून. आमच्याकडचा रोट महिनाभर टिकतो, नीट तळला तर दोन महिने. तुमच्या बाबांनी उघडायचा आणि देवापुढे ठेवायचा."

"ते जप्त करतील."

"कशाखाली? कायद्यात नेमकं काय लिहिलंय, तुम्हाला ठाऊक आहे?"

"कोणालाच ठाऊक नाही."

"मग त्यांनाही शोधावं लागेल."

धनमती उठून उभी राहिली. चहा तसाच. "ऐक सिस्टर. तुझा दीर मला हाकलतो आणि तू मला देवाचा प्रसाद करून देतेस. तुझ्या दयेवर माझ्या बापाची झंडी नको मला."

"दया कोण करतंय?" प्रतिमाचा आवाज चढला. "मला राग आलाय! म्हाताऱ्या माणसाच्या ताटातली भाकरी काढून घेणाऱ्या कायद्याचा राग आलाय. आणि खरं सांगू? त्याहून जास्त माझ्या दिराचा आलाय. आणि सगळ्यात जास्त माझा स्वतःचा, की मी एवढे दिवस तोंड मिटून पोत्यांसारखी उभी राहिले. तुम्हाला नको असेल तर नका पाठवू. मी रोट करणारच आहे. पत्ता मात्र तुमच्याकडे आहे."

धनमती परत बसली. मग तिने चहाचा कप उचलला. "दूध घालतेस का तू रोटात?"

"छे! दुधाने खराब होतील."

"दुधाशिवाय रोट? आमच्याकडे दूध घालतात, साखर घालतात."

"गूळ."

"साखर."

"गूळ घातला तर टिकतात, ताई. हनुमानाला चालतो."

"तुझ्या हनुमानाला चालत असेल," धनमती म्हणाली. आणि त्या दुपारी पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. अर्धा गूळ, अर्धी साखर आणि दूध नाही, असं शेवटी ठरलं.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी, दुकान बंद असताना, दोघींनी शेगडी पेटवली. दीपाने कणीक चाळली. गुळाच्या पाण्यात वेलदोडा आणि बडीशेप, कडकडीत तुपाचं मोहन, आणि घट्ट, इतकी घट्ट कणीक की मळता मळता धनमतीने अंगातला स्वेटर काढला. लाँड्रीत ओल्या चादरी उचलून तिच्या हातांत ताकद आली होती. प्रतिमा जाडसर लाटायची, काट्याने टोचायची आणि मंद आचेवर सोडायची. घाई केली की आत कच्चा राहतो, आणि कच्चा राहिला की बुरशी. वास बाहेर रस्त्यावर गेला. शेजारच्या बेकरीतल्या म्हाताऱ्या ज्यू बाईने मागच्या दाराने डोकावून विचारलं, काय चाललंय. तिला एक रोट मिळाला. तो चावताना तिचे दात ऐकू आले. ती गंभीरपणे मान हलवून म्हणाली, हा प्रवासाचा पदार्थ आहे, आणि निघून गेली.

राजाराम आला तेव्हा निम्म्याहून जास्त रोट झाले होते. कोणीतरी त्याला फोन करून सांगितलं असणार. तो ओव्हरकोटसकट आत आला, सरळ शेगडीपाशी गेला आणि गॅसची बटणं एकेक करून बंद केली.

तेल शांत झालं. दीपा चाळणी हातात धरून भिंतीला टेकली.

"हे दुकान मी बुडू देणार नाही," राजाराम म्हणाला. "दादाचं दुकान आहे हे. त्या बाईच्या देशातल्या भानगडीसाठी तुम्ही दादाचं नाव घालवणार?"

"ही शेगडी तुमच्या दादांनी लावली," प्रतिमा म्हणाली. ती पुढे आली आणि एक बटण फिरवलं. निळी ज्योत पेटली. "तुम्ही बंद केली."

"वहिनी, मी शेवटचं सांगतो. हे बंद झालं नाही तर मी माझा हिस्सा घेऊन बाजूला होईन."

त्याला वाटलं होतं ती घाबरेल. दोन वर्षं हेच वाक्य तो वेगवेगळ्या शब्दांत बोलत आला होता, आणि दर वेळी ती घाबरली होती. होलसेलवाले तिला ओळखत नव्हते, बँकेतला माणूस तिच्याशी बोलताना राजारामकडे बघायचा, हायवेवर गाडी चालवायची तिला अजून भीती वाटायची. हे सगळं त्या क्षणी तिच्या मनात आलंच. तिने दुसरं बटण फिरवलं.

"व्हा बाजूला," ती म्हणाली.

"काय?"

"हिस्सा घ्या. जे तुमचं आहे ते सगळं घ्या. पण आत्ता कढईपासून लांब उभे राहा, तेल उडतं."

धनमतीला मराठी कळत नव्हती. पण तिने झारा उचलून प्रतिमाच्या हातात दिला आणि तिच्या शेजारी उभी राहिली. राजाराम ओव्हरकोटची कॉलर वर करून निघून गेला. दार जोरात आपटलं नाही त्याने. हळूच ओढून घेतलं, आणि तेच प्रतिमाला जास्त लागलं. तिने डोळे पुसले, पदराने नाही, मनगटाने, कारण बोटांना कणीक होती. "लाट ना," धनमती म्हणाली. "तेल तापलंय."

रोट पत्र्याच्या डब्यांत भरले. झाकणांभोवती चिकटपट्टी गुंडाळली. पुढच्या शनिवारी दीपाच्या मैत्रिणीच्या भावाची व्हॅन घेऊन त्या शहराच्या दक्षिणेला, शिपिंग एजंटच्या गोदामात गेल्या. एजंट स्वतः गयानीज, उंच, हसतमुख. त्याने पिंपावर लिहायला मार्कर काढला. "हाउसहोल्ड गुड्स लिहितो. वर दोन टॉवेल टाका."

"नाही," प्रतिमा म्हणाली. "आत जे आहे ते लिहा."

"मॅडम, तुम्ही नव्या दिसता."

"मागच्या वेळी लपवून पाठवलं होतं. सापडलं तेव्हा चोर ठरलो. या वेळी लपवायचं काही नाही."

धनमती तिच्या कानाशी म्हणाली, "सिस्टर, तिथे माझा भाऊ उभा राहणार आहे. तू नाही."

हे खरं होतं. निर्णय प्रतिमाचा नव्हताच. ती मागे सरकली. "तुम्ही म्हणाल तसं," ती म्हणाली.

धनमतीने गोदामातल्या फोनवरून, एजंटच्या खर्चाने आणि त्याच्या परवानगीशिवाय, गावातल्या एकमेव फोनवाल्या घरी फोन लावला आणि रामेसरला बोलावून आणायला सांगितलं. एजंट घड्याळाकडे बघत राहिला. रामेसर आला. धनमती त्यांच्या त्या भराभर इंग्रजीत बोलली, जी प्रतिमाला निम्मीच कळली. मग तिने फोन ठेवला आणि मार्कर एजंटच्या हातातून काढून घेतला.

"काय म्हणाला?"

"म्हणाला, एकदा कोठडी बघून झाली आहे, आता नवीन काही बघायचं उरलं नाही. लिही म्हणाला. मोठ्या अक्षरांत."

तिने मोठ्या अक्षरांत लिहिलं. हनुमानाच्या पूजेचा प्रसाद. गव्हाचे तळलेले रोट. पीठ नाही. खाली पाठवणाऱ्याचं नाव लिहायची जागा होती. तिथे प्रतिमाने स्वतःच्या हाताने लिहिलं, प्रतिमा सोनटक्के, सोनटक्के ग्रोसरी, डेव्हन ॲव्हेन्यू, शिकागो.

मार्च गेला. राजारामने खरोखरच हिस्सा मागितला. वकील आले, कागद झाले, आणि चार ब्लॉक पश्चिमेला, साड्यांच्या दुकानांच्या रांगेत, त्याने आपलं दुकान थाटलं. होलसेलवाला पहिल्याच फोनवर प्रतिमाला म्हणाला, मिस्टर सोनटक्केंना फोन द्या. ती म्हणाली, "मीच सोनटक्के. बोला." पुढच्या आठवड्यात तिने डाळ चुकून दुप्पट मागवली आणि रॅकवर जागा पुरेना. हायवेवर गाडी काढली तेव्हा मागचे सगळे हॉर्न वाजवत होते आणि तिने काच वर करून गाडी चालवली.

फोन आला तो एप्रिलमध्ये, दुकान उघडं असताना, भर दुपारी. धनमतीची सुट्टी होती, ती तिथेच होती. रामेसर राजधानीतून, जॉर्जटाउनहून बोलत होता. लाइन तुटत होती, म्हणून धनमती ऐकलेलं प्रत्येक वाक्य मोठ्याने परत म्हणत होती, आणि दुकानातली गिऱ्हाइकं हातातल्या वस्तू धरून उभी राहिली.

बंदरावर पिंप उघडलं एका बाईने. युनिफॉर्ममधली, आफ्रिकन, रामेसरच्याच वयाची. तिने वरची अक्षरं वाचली. डबा उघडला. वास घेतला. तिचा वरिष्ठ मागून म्हणाला, पीठ आहे, जप्त कर. ती म्हणाली, पीठ नाही, सर, प्रसाद आहे, असं लिहिलंय. तो म्हणाला, कशाचा केलाय? तेव्हा रामेसर पुढे झाला आणि म्हणाला, गव्हाचा केलाय. लिहिलंय तसं. माझ्या बापाला मरायच्या आधी एकदा खरा रोट देवापुढे ठेवायचा आहे. जप्त करायचा तर करा, पण त्याआधी एक खाऊन बघा आणि मग सांगा हे पीठ आहे का.

"आणि?" प्रतिमा म्हणाली.

धनमतीने हात वर करून तिला गप्प केलं. ऐकत राहिली. मग म्हणाली, "त्या बाईने खाल्ला. दात मोडायची वेळ आली म्हणे. तिने वरिष्ठाकडे बघून सांगितलं, सर, यातून परत पीठ करून दाखवाल तर मी जप्त करते. मागे रांगेतले लोक हसायला लागले. तो निघून गेला. तिने शिक्का मारला."

दुकानात कोणीतरी टाळी वाजवली. एक डबा त्या बंदरावरच्या बाईच्या टेबलावर राहिला, धनमतीने पुढे सांगितलं. तिने मागितला नव्हता, रामेसरने उचलला नव्हता.

झंडी झाली. रोट पुरेनात इतके लोक आले, मशिदीशेजारचे आले, चर्चमधले आले, तेव्हा रामेसरने कोयत्याच्या पात्याने एकेका रोटाचे तुकडे केले. पावसाची सर आली तरी कोणी हललं नाही.

"आणि बाबा?" प्रतिमाने विचारलं. "ते काय म्हणाले?"

धनमतीने फोनमध्ये विचारलं, ऐकलं, आणि कपाळावर हात मारला. "म्हणाले, रोट खरा आहे. पण गूळ कशाला घातला? साखरेच्या देशात राहतो आपण."

दोघी इतक्या हसल्या की धनमतीला फोन दीपाच्या हातात द्यावा लागला.

पीठबंदी नंतरही राहिली, दोन वर्षं. ती उठली ती काही यांच्या रोटांमुळे नाही. पुढची पिंपं सगळीच पोचली असंही नाही. एक अख्खं अडकलं, आणि त्याचं काय झालं कोणालाच कळलं नाही. पण बातमी पसरली होती. रविवारी सोनटक्के ग्रोसरीच्या मागच्या दाराने बायका येऊ लागल्या. गयानीज बायका, मग त्यांच्या ओळखीच्या त्रिनिदादच्या, मग इथल्या मराठी मंडळातल्या दोघी-तिघी बायका, ज्या आधी म्हणत होत्या, प्रतिमाला कशाला नसत्या भानगडी. गूळ की साखर यावर दर वेळी भांडण व्हायचं.

मे महिन्यातल्या एका रविवारी राजारामची बायको संध्या आली. स्वतःचं लाटणं पिशवीत घालून आली होती. प्रतिमाने पोळपाटाशी जागा करून दिली.

तासाभराने राजाराम दारात उभा राहिला. आत आला नाही. उंबऱ्याबाहेरूनच म्हणाला, "वहिनी, संध्या इथे आहे का?"

प्रतिमाने मागे वळून पाहिलं. संध्याने मान वर न करता, परातीत हात घालूनच उत्तर दिलं.

"आहे. मोहन घालतेय. झालं की येते. तुम्हाला घाई असेल तर तुम्ही जा."